तीन नंबरच्या तळ्यातला बहिरू

चिमाबाईला मी पहिल्यांदा शिव्या घातल्या त्या कपभर चहावरनं.

तवा आमच्या खालच्या माळावर शेवाळाची तळी नवीनच झालेली. माळ आमचाच. आमच्या मालकांनी त्यो कंपनीला भाड्यानं दिला, आन् तितल्या माणसांचं जेवणखाण, चहापाणी माझ्या गळ्यात पडलं. कुंपणाला लागून मी पत्र्याची शेड टाकली, शेगडी मांडली, झाली खाणावळ सुरू. दुपारची जेवणं उरकली, की एकेकाला चहा. चिमाबाई यायची, हात पुढं करायची आन् म्हणायची, "वैनी, दोन द्या."

मला वाटलं, बाईला चहाची तलफ दांडगी. द्यायची आपली. मंग एक दिवस बघते तर काय, एक कप ती प्याली आन् दुसरा नेऊन तीन नंबरच्या तळ्याच्या कट्ट्यावर ठेवला. वाऱ्यानं कचरा पडू नये म्हणून वर पानसुदिक झाकलं. माझं डोस्कंच फिरलं. दूध काय आभाळातनं पडतं? मी हितनंच वरडले, "अगं ए भवाने, चहा माणसाला हाय का तळ्याला?"

तिनं वळूनसुदिक बघितलं न्हाई. म्हणली, "बहिरूचा हाय त्यो."

बहिरू म्हंजे तिचा ल्योक. आन् त्याला धरणानं गिळून दोन पावसाळे झाले व्हते.

चिमाबाई धनगराची. त्यांची वाडी वर, आमच्या गावाच्या डोक्यावर, डोंगराच्या वळचणीला. नवरा धुळाजी, म्हंजे तोंडात मूग धरलेला गडी. चार शब्द बोलला तर पाऊस पडायचा. शेरडं राखायची, थोडी नाचणी करायची, आन् उरल्या दिवसांत मिळंल त्या कामाला जायचं, असा त्यांचा परपंच. मी लगीन होऊन आले तवा चिमाबाई लोणी घेऊन गावात यायची. जिभंची अशी फटकळ, की आमच्या सासूबाईसुदिक तिच्याशी घासाघीस करायला भ्यायच्या. "लोणी घ्यायचं तर घ्या, वास घेऊन काय पोट भरतं का?" असं तोंडावर म्हणायची. मला तिचा रागबी यायचा आन् मनातनं ती आवडायचीबी.

बहिरू तिला उशिरा झालेला, एकुलता एक. हसरं पोर. दोन बोटं तोंडात घालून शीळ मारायचा. एक लांब, मंग दोन तोकड्या. ती शीळ आली, की डोंगरावरची शेरडं जितल्या तितं माना वर करायची आन् त्याच्याकडं बघायची. आमी खाली भात लावताना ऐकायचो. म्हणायचो, आला बघा चिमाबाईचा कृष्ण.

त्या साली पावसानं असं धरलं व्हतं, की धरणाचं पाणी बघता बघता चढत गेलं. एक करडू पाण्यात उरलेल्या खडकावर अडकलं. बहिरूनं अंगावरची घोंगडी काठच्या उंबरावर टाकली आन् उडी घेतली. पवायला मासाच व्हता पोरगा. करडू काठाला आलं. बहिरू न्हाई आला.

लई शोधला. होड्या फिरल्या, पाणबुडे आले. धरणाच्या पोटात जुनी गावं हायेत, जुनी झाडं, पडकी जोती हायेत. तितं कुटं अडकला तर हाताला लागायचा न्हाई, असं म्हणून ते गेले. उंबरावर घोंगडी तेवढी राह्यली.

आता माणूस सापडला न्हाई, तर आमच्यात कणकेचा पुतळा करत्यात आन् त्याला अग्नी देत्यात. त्याशिवाय जीव सुटत न्हाई. ना हितला, ना तितला, मधीच लोंबकळतो. धुळाजीच्या भाऊबंदांनी सगळी तयारी केली. पण चिमाबाई उठून उभी राह्यली. म्हणली, "कणकेला मी जन्म दिलाय व्हय? ज्यात माझा बहिरू न्हाई, त्याला आग लावून कुणाला सोडवताय? आदी त्याला आणा, मंग जाळा."

कुणाचं ऐकली न्हाई. भाऊबंदांनी मंग त्यांच्या घरचं पाणी सोडलं. सुतक फिटंना, म्हणून घरातला देव बसवून ठेवल्यासारखा झाला. ना जत्रा, ना जागरण. धुळाजी खाली मान घालून शेरडांमागं फिरायचा. बाई एवढंच म्हणायची, "अग्नी देणार. पण त्यालाच देणार."

त्यांच्या वाडीवर एक चाल हाय. पाण्यात गेलेल्याची घोंगडी धुवायची न्हाई आन् वाळूबी द्यायची न्हाई. दर आवसेला त्याच पाण्यात बुडवायची, नावानं हाक मारायची, आन् वल्लीच खांद्यावर टाकून घरी आणायची. मधल्या दिवसांत वरनं पाणी मारून वल्ली ठेवायची. करडू जसं आईच्या वासानं माग काढत येतं, तसा जीव घोंगडीच्या वासानं घरी येतो म्हणत्यात. मी कितींदा तिला उंबराखालनं येताना बघितलंय. पाठीवर ती काळी, निथळती, शेवाळलेली घोंगडी. कुबट वास यायचा. मी तोंडाला पदर लावायची आन् ती माझ्याकडं बघून म्हणायची, "नाक मुरडू नका वैनी, माझं लेकरू येतंय मागनं."

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा यायचा. मी तिच्या मागं बघायची न्हाई.

मंग ही शेवाळाची कंपनी आली. पहिल्यांदा ऐकलं तवा मी पोट धरून हसले. मुळशीत, जितं पावसाळ्यात चार चार म्हयने सूर्य तोंड दाखवत न्हाई, तितं म्हणे उन्हाचं पीक घेणार! पण पाऊस सरल्यावर खरंच त्यांनी माळावर लांबच्या लांब तळी केली. शर्यतीच्या बैलांनी गोल फेरी मारावी तशी लांबट गोल, मधी एक भिंत, पाणी जेमतेम गुडघ्याएवढं, खाली काळं जाड प्लास्टिक. एका टोकाला पाण्याचं चाक. ते सावकाश फिरायचं आन् पाणी गोल गोल फिरत राहायचं. थांबलं की शेवाळ बुडाशी बसतं आन् कुजतं, म्हणून थांबू द्यायचं न्हाई.

तितल्या मोठ्या बाई म्हंजे आरोही म्याडम. पुण्याच्या. अंगानं काटकुळ्या, उन्हानं रापलेल्या, डोक्याला टोपी. त्यांनीच मला समजावलं. "काकू, शेंगदाणा आपण तेलासाठी पेरतो ना? तसंच हे. पाण्यातलं बारीक पीक. ऊन खातं, हवेतला वायू खातं आणि अंगात तेल साठवतं. ते काढून त्याचं डिझेल करायचं."

मी म्हणले, "शेवाळावर गाडी पळणार? मंग आमच्या मोरीवर विमान उडंल." म्याडम लई हसल्या. माझ्याशी त्यांचं जमलं ते तवापासनं.

तळ्यात पाणी धरणातनं यायचं. ज्या दिवशी पंप बसवला, त्या दिवशी चिमाबाई वर शेरडांपाशी उभी व्हती. पंपाचा पाईप त्यांनी सोडला बरोबर उंबराखाली. जितनं बहिरू गेला तितंच. बाईनं बघितलं, काठी टाकली आन् तडक खाली आली. म्याडमपाशी जाऊन म्हणली, "मला हितं काम द्या. त्या पाण्यापाशी द्या."

काम मिळालं. वळणावर शेवाळ साचतं, ते रबराच्या लांब दांडीनं पुढं ढकलायचं. पडलेली पानं, चतुर, बेडूक जाळीनं काढायचे. चार तळ्यांना चार बायका. पंपाचं पहिलं पाणी तीन नंबरात सोडलं व्हतं, म्हणून चिमाबाईनं तीन नंबर धरला आन् सोडलाच न्हाई.

मी एकदा विचारलं, "खरंच तुला वाटतंय त्यो ह्यात हाय?"

म्हणली, "पाईपानं आलाय."

म्याडम शेजारीच व्हत्या. त्यांनी लई मायेनं सांगितलं, "चिमामावशी, ते पाणी आम्ही गाळून घेतो. बारीक जाळ्यांतून जातं, औषध टाकतो. धरणातला एक किडासुद्धा आत येत नाही."

"मीठ गाळून जातं का वो?" चिमाबाई म्हणली. "दोन पावसाळं पाण्यात राह्यलाय त्यो. मिठासारखा झाला आसंल आता."

मला रडूच फुटायला लागलं, म्हणून मी भांडी घासायला उठले.

मी काय भुताखेतांना भिणारी बाई न्हाई. माझ्या माहेरी स्मशानाला लागून आमचं रान व्हतं. पण जे बघितलं ते बघितलं.

पहिलं म्हंजे कप. ठेवायची भरलेला, संध्याकाळी मी गोळा करायला जायची तर रिकामा. पान बाजूला पडलेलं. मी म्हणले, आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय. कुत्र्यावर पाळत ठेवली. कुत्रं दुपारभर माझ्या शेडमधी पाय पसरून झोपलेलं असायचं. कावळा म्हणावं, तर कप कवा लवंडलेला सापडला न्हाई. मुंगी म्हणावं, तर मुंगी काय बुडाचा थेंब पुसून घेती का?

दुसरं म्हंजे शीळ. दुपारी जेवणं झाल्यावर सगळं सुस्तावलेलं, पाण्यावर ऊन चमकतंय, चाकाचा डब डब आवाज. आन् मधीच ती यायची. एक लांब, दोन तोकड्या. चाकाचं लोखंड करकरतंय, असं कामगार म्हणायचे. चाकाला वंगण दिलं, तरी यायची. बरं, माझे कान खोटे म्हणू. पण कुंपणापलीकडं धुळाजीची शेरडं चरायची. त्या आवाजासरशी सगळी एकदम माना वर करायची आन् तीन नंबरकडं बघत उभी राहायची. तोंडातला पाला तोंडात. धुळाजीपण उभा. मी पातेलं हातात घेऊन उभी.

चिमाबाईला मातर भीती न्हाई. ती तळ्याशी बोलायची. "जरा दमानं फिर की रं, चक्कर यील." वळणावर फेस जमायचा, त्यो दांडीनं इतक्या हळू मोडायची, जसं पोराच्या डोळ्यावरचे केस बाजूला सारावेत. आन् गंमत बघा, चारही तळ्यांत तीन नंबरच सगळ्यांत गर्द. बाकीची पोपटी, तर हे गर्द हिरवंगार, हात बुडवला तर बोटं दिसायची न्हाईत. म्याडम म्हणायच्या, मावशींचा हात चांगला हाय, कोपऱ्यात गाळ बसूच देत न्हाईत. चिमाबाई माझ्याकडं बघून डोळे मिचकवायची. म्हंजे, बघा, त्यांना काय ठाऊक!

पहिलं पीक निघालं ते तीन नंबरचंच. ताक घुसळावं तसं एक यंत्र गरगरा फिरलं, पाणी एकीकडं आन् हिरवा चिखल एकीकडं. मेंदी भिजवल्यासारखा. चिमाबाई कासावीस झाली. पण म्याडमनी सांगितलं, "सगळं नाही काढत मावशी. थोडं ठेवतो, तेच पुन्हा वाढतं." त्या चिखलाचं पुढं पुण्यात काय काय केलं, आन् एक दिवस म्याडम काचेची बाटली घेऊन आल्या. आत सोनेरी डिझेल. ती बाटली ऑफिसच्या खिडकीत ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. दुपारी तिच्यातनं ऊन आरपार जायचं. चिमाबाई जाता-येता खिडकीपाशी थांबायची. मला म्हणली, "वैनी, किती निर्मळ हाय बघा. तसाच व्हता त्यो."

मी व्हय म्हणले.

मंग फाल्गुनातली आवस आली. चिमाबाई सवयीनं घोंगडी घेऊन उंबराखाली गेली, धरणात भिजवली, हाक मारली. येताना तिच्या मनात आलं, पोर तर आता धरणात न्हाईच. त्यो तळ्यात. मंग धरणात हाका मारून त्याला वास कसा लागणार? आमी समदी जेवायला बसलेलो. ती तशीच आली आन् ती निथळती घोंगडी तीन नंबरात बुडवली. चांगली पिळून काढली, पुन्हा बुडवली. बहिरू, बहिरू, बहिरू. कुणी बघितलं न्हाई.

माझ्याकडं आली ती हसत. इतक्या दिवसांत मी तिला हसताना बघितलं न्हवतं. म्हणली, "आज त्याला बरूबर हाक गेली वैनी. आता यील. आला, की त्याच्या बापाला सांगते, आण तुझी कणीक."

खरं सांगते, मलाबी बरं वाटलं. म्हणले, चला, सुटली बाई एकदाची.

आठवडा न्हाई झाला, तर तीन नंबरचा रंग फिरला. गर्द हिरव्याचा मळकट झाला, मंग तपकिरी. वर फेस, आन् मासळी सडल्यासारखा वास. म्याडम धावत सुटल्या. पाण्याचा थेंब त्यांनी भिंगाखाली घातला आन् कपाळाला हात लावून बसल्या.

"किडे," म्हणल्या. "धरणाच्या पाण्यातले. सगळं शेवाळ खातायत. पण आले कुठून? जाळ्या नीट आहेत, औषध नीट आहे."

चिमाबाई दारात उभी व्हती. म्हणली, "मला दावा."

म्याडमनी तिला भिंगाला डोळा लावायला दिला. मीबी बघितलं नंतर. काचेसारखे पारदर्शक बारीक जीव, तोंडापाशी केस गरगरा फिरत्यात, आन् पोटात हिरवं हिरवं भरलेलं. चिमाबाई किती वेळ डोळा लावून बसली. मंग इतक्या बारीक आवाजात बोलली, की तिचा आवाजच वाटला न्हाई.

"हे माझ्या पोराला खात्यात."

आन् मंग म्हणली, "मी आणले. घोंगडीतनं."

सगळं सांगितलं. लपवणारी बाईच न्हाई ती. आवस, धरण, घोंगडी, हाका. मी दाराला धरून उभी राह्यले. करायला गेली गणपती आन् झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. हितं हसू कुटनं येणार? आरोही म्याडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागाचं. "मावशी, मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलं होतं, बाहेरचं काही आत घालू नका! माझी चार वर्षं आहेत त्यात!" असं वरडल्या आन् बाहेर निघून गेल्या. त्यांचं काय चुकलं? त्यांचंबी त्यात लेकरूच व्हतं.

एका पंपानं सगळ्या तळ्यांत पाणी फिरायचं, म्हणून कीड चारही तळ्यांत गेली. आन् शेवटी किड्यांना खायला काई उरलं न्हाई, तसे तेबी मेले. तीन नंबरचं पाणी नितळ झालं. त्या दिवशी पहिल्यांदा बूड दिसलं. काळं प्लास्टिक, वर थोडा गाळ, दोन-चार पानं. बस.

चिमाबाई लुगडं खोचून आत उतरली. वाकून दोन्ही हातांनी प्लास्टिक चाचपत चालली, या वळणापासनं त्या वळणापत्तुर. कोपरे चाचपले. चाकाखाली हात घातला. मी काठावरनं म्हणत व्हते, "चिमे, बाहेर ये गं. बास आता." ती म्हणत व्हती, "हितंच व्हता. हितंच व्हता की." धुळाजी कुंपणापलीकडं उभा व्हता. त्यो आत आला, पाण्यात उतरला, तिच्या दंडाला धरलं आन् बाहेर आणली.

आन् त्या दिवसांत शीळ कशी येत व्हती म्हणताय? कुटनंबी. कवा धरणाकडनं, कवा डोंगराकडनं, कवा माझ्या शेडमागनं. शेरडं माना वर करायची आन् कुटं बघावं ते कळंना म्हणून जाग्यावर गोल गोल फिरायची. घर मोडल्यावर पोर जसं दारोदार फिरतं, तसं ते झालं व्हतं. मला खोटं वाटून घ्यायचं व्हतं, पण वाटत न्हवतं.

कंपनीच्या वरच्या लोकांनी पुण्यात बसून ठरवलं, बंद. मुळशीत पुन्हा पैसा घालायचा न्हाई. चाकं काढायची, प्लास्टिक गुंडाळायचं, माळ मोकळा करायचा. म्याडमचं सामान खोक्यांत भरलं. निघायच्या दिवशी त्या माझ्याकडं चहा प्यायला बसल्या व्हत्या, तितं चिमाबाई आली. चिमाबाईशी त्या दिवसापासनं त्या बोलल्याच न्हवत्या.

चिमाबाई म्हणली, "म्याडम, मी तुमचं लई नुस्कान केलं. मला शिव्या घाला. पण खिडकीतली बाटली द्या."

"ती बाटली?" म्याडम म्हणल्या. "मावशी, सगळं संपल्यावर तेवढीच राहिलीये माझ्याकडे."

"माझ्याकडंबी तेवढाच राह्यलाय," चिमाबाई म्हणली. "बाकीचा खाल्ला त्यांनी. ह्या बाटलीतलं तीन नंबरचंच हाय न्हवं? घोंगडीच्या आदीचं? त्याला अग्नी द्यायचाय म्याडम. पाण्यात दिवा लागत न्हाई. पण तुमी त्याचं तेल केलंय."

मी म्याडमच्या तोंडाकडं बघत राह्यले. मला वाटलं, देणार न्हाईत. शिकलेली बाई, हे असलं ऐकून घेणार न्हाई, आन् वर जीव जळालेला. त्यांनी कप खाली ठेवला. खोकं उघडलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली आन् चिमाबाईच्या ओच्यात घातली. "वात जाड घ्या," एवढंच म्हणल्या आन् गाडीत जाऊन बसल्या. गाडी किती वेळ सुरूच झाली न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमी उंबराखाली जमलो. भाऊबंद आले व्हते. धुळाजीनं कणकेचा पुतळा केला व्हता, आन् इतका बहिरूसारखा केला व्हता, की मला बघवंना. दोन बोटं तोंडाशी नेलेली. घोंगडी चिमाबाईनं त्या सकाळी पहिल्यांदा धुतली आन् उन्हात वाळवली व्हती. लाकडांवर घोंगडी, घोंगडीवर पुतळा. तिनं बाटली उघडली आन् न्हाऊ घालताना वतावं तसं डोक्यापासनं पायापत्तुर तेल वतलं. शेवटी बाटलीत बोट फिरवून कपाळाला लावलं. धुळाजीकडं बघून म्हणली, "आता हाय ह्यात. द्या."

धुळाजीनं अग्नी दिला. मला वाटलं व्हतं डिझेलसारखा काळा धूर यील. न्हाई आला. पिवळी धम्मक ज्वाळा सरळ वर गेली. धरणाच्या पाण्यात तिचा उजेड पडला. आन् तवा ती शीळ आली. एकच येळा. एक लांब, दोन तोकड्या. पाण्यावरनं आली आन् डोंगरावर गेली. शेरडांनी माना वर केल्या, डोंगराकडं बघितलं. मंग माना खाली घातल्या आन् चरायला लागली.

भाऊबंदांनी त्या दिवशी त्यांच्या घरचं पाणी घेतलं.

तळी मोडायचं काम आणखी थोडे दिवस चाललं. चिमाबाई प्लास्टिक गुंडाळायला यायची. पहिल्याच दुपारी हात पुढं करून म्हणली, "वैनी, दोन द्या." मी दिले. तिनं दुसरा कप नेऊन तीन नंबरच्या कोरड्या कट्ट्यावर ठेवला, वर पान झाकलं आन् कामाला गेली.

संध्याकाळी मी कप गोळा करायला गेले. पान जाग्यावर व्हतं. उचललं, तर कप तसाच भरलेला. वर जाड साय धरलेली. म्हणले, हिनं बघायच्या आत वतून टाकावा, कप रिकामा दिसू दे बापडीला. मी कप उचलला आन् वाकडा करणार, तेवढ्यात मागनं आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या वैनी."

तिनं माझ्या हातातनं कप घेतला. सायीकडं बघत राह्यली. तिचं तोंड असं झालं, की मी आयुष्यात कुणाचं बघितलं न्हाई. म्हणली, "गेला वो. आता खरंच गेला."

आन् त्यो गार चहा तिनं उभ्या उभ्या पिऊन टाकला. पदरानं तोंड पुसलं, कप माझ्या हातात दिला आन् म्हणली, "उद्यापासनं एकच द्या."